सालीने कमावलेल्या चामड्याला लोखंडाचा काळा रंग देण्याची कृती

2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेचे चामडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात. त्यात मुरलेल्या टॅनिनचा, म्हणजे साल आणि हिरड्यातील तुरट द्रव्याचा, लोखंडाच्या क्षाराशी संयोग झाला की निळसर काळा रंग चामड्याच्या तंतूंमध्येच तयार होतो. विकतच्या रंगापेक्षा मला हाच रंग अधिक भरवशाचा वाटतो, कारण तो नीट धुतल्यावर पायाला फारसा लागत नाही.

क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेल्या चामड्यावर मात्र ही कृती चालत नाही. त्याची कापलेली कड बहुधा निळसर राखाडी दिसते, तर सालीने कमावलेल्याची तपकिरी.

काचेच्या बरणीत पांढऱ्या व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस किंवा गंजके खिळे घालून आठ-दहा दिवस ठेवावेत. स्टेनलेस स्टीलची घासणी उपयोगाची नाही. आत हायड्रोजन वायू तयार होतो, म्हणून झाकण कधीही घट्ट लावू नये आणि बरणी विस्तवापासून दूर ठेवावी. नंतर हे लोखंडाचे पाणी जाड कापडातून दोनदा गाळावे, कारण राहिलेला कण चामड्यावर डाग पाडतो.

हिरड्याची पूड पाण्यात उकळून, गाळून, पूर्ण निवल्यावरच चामड्याला लावावी. गरम काढ्याने चामडे आकसते. ते दमट असतानाच लोखंडाचे पाणी बोळ्याने, न थांबता, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवावे. पृष्ठभाग आधी राखाडी होतो आणि पाहता पाहता काळा पडत जातो. फिका भाग दिसला तर लोखंडाचे पाणी वाढवू नये, पुन्हा हिरड्याचाच हात द्यावा, कारण जादा लोखंड आणि आम्ल यांनी चामडे कालांतराने ठिसूळ होते.

याच कारणासाठी पुढची पायरी कधीही वगळू नये: लिटरभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून त्याने चामडे पुसावे आणि लगेच स्वच्छ पाण्याने धुवावे. सोडा फार वेळ राहिला तर तोही अपाय करतो.

चामडे सावलीत वाळवावे. किंचित ओल असतानाच एरंडेलाचा अगदी पातळ हात द्यावा आणि रात्रभर मुरू द्यावा. तेल अधिक झाले तर चामडे लिबलिबीत होते. कडांना डिंकाचे पाणी लावून गुळगुळीत लाकडाने चकाकी येईपर्यंत घोटाव्यात. शेवटी पांढरे ओले फडके घासून पाहावे आणि त्यावर काळे उतरल्यास चामडे पुन्हा धुवून, वाळवून तेलाचा हात द्यावा.