स्टोअर म्हणतंय ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’? मग हे करून बघा

दिवाळीत साताऱ्याला गेलो होतो, आईला मोबाईलवर मराठी पुस्तक घेऊन द्यायचं ठरवलं होतं. पुस्तक समोर दिसतंय, पैसे द्यायला तयार आहे आणि ऑनलाइन दुकान म्हणतंय, हे तुमच्या देशात मिळणार नाही. साताऱ्यात बसून मराठी पुस्तक मिळत नाही! आई म्हणाली, “राहू दे रे, पोवई नाक्यावर गेलास की बघ कुठं मिळतंय का.” फार लागलं मनाला. दोन तासांनी कळलं की आईचं ते अकाउंट भावानं जर्मनीतून उघडून दिलेलं, त्यामुळे दुकानाच्या लेखी आई जर्मनीत राहते.

तर सगळ्यात आधी काय बघायचं, तर अडतंय कुठं. भाषेवर, देशावर की कार्डावर? मी पहिला तास भाषा मराठी करण्यात घालवला, तुम्ही तसं करू नका, भाषा बदलली की बटणं आणि मेनू तेवढे मराठीत होतात, पुस्तकांची यादी देशावरून ठरते. कारण प्रकाशक हक्क विकतो ते देशागणिक, ज्या देशाचे दिले नाहीत तिथे दुकान ते पुस्तक विकूच शकत नाही.

देशच चुकलाय असं दिसलं तर लगेच बदलायला जाऊ नका. आधी अकाउंटात शिल्लक पैसे आहेत का बघा, चालू सबस्क्रिप्शन आहेत का बघा, घेतलेली पुस्तकं-गाणी डाउनलोड करून ठेवा, कारण देश बदलल्यावर त्यातली काही परत मिळतीलच असं नाही. ॲपलवर तर शिल्लक संपवल्याशिवाय आणि सबस्क्रिप्शन बंद करून त्याची मुदत संपल्याशिवाय देश बदलताच येत नाही, फॅमिली शेअरिंगमध्ये (घरच्यांनी खरेदी एकत्र वापरायची सोय) असाल तर तेही आडवं येऊ शकतं.

मग बदल. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडा, वर कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर टॅप करा, सेटिंग्ज, जनरल, अकाउंट अँड डिव्हाइस प्रेफरन्सेस, तिथे कंट्री अँड प्रोफाइल्स. भारतात असाल तर भारताचा पर्याय दिसतो, पैसे भरायची इथलीच पद्धत जोडावी लागते. बदल दिसायला ४८ तासांपर्यंत लागू शकतात आणि एकदा बदलला की वर्षभर परत बदलता येत नाही, म्हणून दोन महिन्यांत परत परदेशी जाणार असाल तर नीट विचार करून करा. जुन्या देशातली शिल्लक नव्या देशात वापरता येत नाही. आयफोनवर सेटिंग्ज, आपलं नाव, मीडिया अँड पर्चेसेस, व्ह्यू अकाउंट, कंट्री ऑर रीजन.

पेमेंट फेल होत असेल तर बँकेचं ॲप उघडा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाप्रमाणे नवीन कार्डावर ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार सुरुवातीला बंदच असतात, आपण सुरू करायचे. दुकान परदेशी असेल तर हेच कारण असण्याची शक्यता बरीच. लिमिट मात्र कमी ठेवा.

आता शोधणं, आणि इथं मला खरंच राग येतो. पुस्तक असतं पण सापडत नाही. नाव देवनागरीत टाका, मग इंग्रजी अक्षरांत दोन-तीन वेगवेगळ्या स्पेलिंगनं टाका, मग लेखकाचं नाव टाका, कारण मराठी पुस्तकांची नोंद कुणी कशी केलीय याचा काही नेम नाही. किंडलवर मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ मध्ये आली, त्याच्या आधीपासून बुकगंगासारखी आपली मराठी दुकानं आहेत, तिथंही बघा.

एवढं करूनही मिळालं नाही तर व्हीपीएन लावून देश खोटा दाखवू नका, अकाउंट बंद झालं तर घेतलेलं सगळं जातं. प्रकाशकाला मेल करा, ई-बुक भारतात का नाही असं स्पष्ट विचारा.

आणि पुस्तक जुनं असेल तर पैसे भरायच्या आधी विकिस्रोत बघा, हक्क संपलेली पुस्तकं तिथं फुकट वाचता येतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, साने गुरुजी १९५० साली गेले म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं आहे. मराठी विश्वकोश तर आपल्या वाईतच तयार होतो, तो ऑनलाइन फुकट वाचता येतो, कुठल्याही देशातून. आईला मी पहिल्यांदा तोच उघडून दिला, पुस्तक दोन दिवसांनी मिळालं.