बारशाचा ब्लाउज आणि बाळंतिणीचा आरसा

माझ्या मुलीच्या बारशाला मी खणाचा ब्लाउज अंगात घातला, तेव्हा हुकांच्या दोन कडांमध्ये चांगले चार बोटांचे अंतर उरले आणि मी पलंगाच्या कडेवर बसून रडले. बाळंत होऊन तेव्हा जेमतेम बारा दिवस झाले होते. गर्भाशय मूळ आकारावर येण्यास साधारण सहा आठवडे लागतात, त्यामुळे बाराव्या दिवशी पोट दिसणे हे शरीराचे काम नीट चालू असल्याचेच लक्षण आहे, हे मला त्या वेळी कोणी सांगितले नव्हते. पुढील वर्षभरात जे समजले, ते नव्या आयांसाठी येथे लिहीत आहे.

सर्वांत आधी ब्लाउज शिंप्याकडे द्यावा. जुन्या मापात मावण्यासाठी उपाशी राहू नये. जाणता शिंपी बाजूच्या शिवणीत कापड राखून ठेवतो, त्याला आपल्याकडे ‘माया’ म्हणतात. कोल्हापुरात महाद्वार रोडजवळच्या बोळातील आमच्या टेलरमामांनी ब्लाउज उलटा करून ती माया मला बोटाने दाखवली आणि म्हणाले, ‘‘ताई, कापड हाय की आत. मग ठेवतात कशाला?’’ त्यांनी दोन्ही बाजूंची टीप उसवून अर्ध्या तासात ब्लाउज सैल करून दिला. दूध पाजण्याच्या काळात हूक पुढच्या बाजूलाच असावेत आणि काखेत घट्टपणा नसावा, हे शिवायला टाकतानाच सांगावे. कोल्हापुरी साज बारशापुरता जरूर घालावा, मात्र बाळाला मांडीवर घेण्यापूर्वी उतरवून ठेवावा; त्याची पाने बाळाच्या गालाला टोचतात.

पोट घट्ट बांधल्याने चरबी उतरत नाही. मऊ सुती पट्ट्याने कमरेला आधार वाटतो, तेवढाच त्याचा उपयोग; करकचून आवळल्यास ओटीपोटाखालील स्नायूंवर उलट ताण येतो. पट्ट्यापेक्षा पुढील तपासणी अधिक उपयोगी आहे. सहा-आठ आठवड्यांनंतर उताणे झोपून गुडघे दुमडावेत, डोके किंचित उचलावे आणि बेंबीच्या वर बोटे आडवी ठेवून मधली खाच चाचपावी. दोनपेक्षा जास्त बोटे आत मावत असतील, तर पोटाचे स्नायू अद्याप एकमेकांपासून दूर आहेत असे समजावे आणि युट्यूबवर पाहून पोटाचे व्यायाम सुरू करण्याऐवजी फिजिओथेरपिस्टला भेटावे. सिझेरियन झाले असल्यास डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच व्यायाम करावा. चालणे मात्र लवकर सुरू करता येते, आणि सकाळच्या वेळी रंकाळ्याच्या काठाने चालताना आपल्या पोटाकडे कोणी पाहत नाही, असा माझा अनुभव आहे.

केस गळू लागतात ते साधारण दोन ते चार महिन्यांनी. गरोदरपणात संप्रेरकांमुळे जे केस गळायचे थांबलेले असतात, ते आता एकदम निघतात, म्हणून न्हाणीघराच्या जाळीवर गुंता दिसतो. बहुतेकींचे केस वर्षभरात भरून येतात. तसे न झाल्यास किंवा सोबत सतत थकवा असल्यास हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावे. पोटावरचे व्रण लालसर असतात ते काळाने फिकट, चंदेरी होतात, परंतु पूर्ण जात नाहीत. ते घालवण्याचा दावा करणाऱ्या तेलावर पैसे घालवू नयेत. गालावरचे वांग अनेकदा काही महिन्यांत फिके पडतात. उन्हात पदर किंवा छत्री घ्यावी, आणि गोरे करणारी बिननावाची मलमे टाळावीत, कारण त्यांत स्टेरॉइड किंवा पारा असू शकतो.

अळिवाचे, डिंकाचे लाडू खावेत, पण केवळ त्यांवर राहू नये. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी अधिक लागतात, त्यामुळे डाएट हा शब्द या काळात घरात काढूच नये.

लोकांच्या बोलण्याचे काय करावे, हा सर्वांत अवघड भाग आहे. ‘‘आगं, लईच सुटलीस की!’’ असे म्हणणाऱ्या आत्याबाईंना मी ‘‘होय आत्या, दोघींचं खाते,’’ एवढेच उत्तर देत असे आणि लगेच बाळ त्यांच्या मांडीवर देत असे. बाळ हाती आले की विषय बदलतो. स्वतःशी बोलण्यासाठी मात्र मला दुसरा आधार लागला. आपण आई म्हणून ज्या अंबाबाईच्या पायरीवर डोके टेकतो, तिच्या मूर्तीची झीज झाल्यामुळे २०१५ मध्ये तिचे संवर्धन करावे लागले, आणि झीज झाली म्हणून दर्शनाची रांग एका माणसानेही कमी झाली नव्हती. ही तुलना कोणाला धाडसाची वाटेल. मला तिने आरशासमोर उभे केले.

रडू दोन आठवड्यांहून अधिक टिकले, झोप लागेनाशी झाली किंवा बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले, तर तो रूपाचा प्रश्न नसतो. अशा वेळी डॉक्टरांना सांगावे, अथवा मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करावा.

फोटोत उभे राहावे. माझ्या मुलीच्या पहिल्या वर्षाच्या फोटोंत मी जवळजवळ नाही, कारण प्रत्येक वेळी मोबाइल मीच हातात घेतला. आता ती चार वर्षांची आहे आणि ‘‘आई, तू कुठं गेलतीस?’’ असे विचारते. दुसऱ्याच्या हाती मोबाइल द्यावा आणि बाळाला घेऊन, केस विस्कटलेले असले तरी, चौकटीत यावे.

सैल केलेल्या ब्लाउजची उरलेली माया शिंप्याला कापू देऊ नये. माझा तो खणाचा ब्लाउज त्यानंतर एकदा आत घेतला, एकदा पुन्हा सोडला, आणि त्याच्या बगलेखाली जुन्या टिपांच्या तीन बारीक रेघा अजून दिसतात.