नळावरचे पांढरे डाग काढताय? या चुका टाळा

ठाण्यात घोडबंदर रोडला एप्रिल-मे आला की टँकर सुरू होतात, त्यात बोअरचं पाणी मिसळलं की थोड्याच दिवसांत नळ, शॉवर, बाथरूमची काच सगळं पांढरंफटक. मग सोसायटीच्या ग्रुपवर उपायांचा पाऊस. त्यातले बरेचसे फुकट जातात, कारण तो थर मळ नाहीये, क्षार आहे, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि तो साबणाने हलत नाही, त्याला आम्लच लागतं.

सगळ्यांची लाडकी चूक म्हणजे व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र ओतणं. फेस झकास येतो, रीलमध्ये छान दिसतो, पण तो फेस म्हणजे दोघं एकमेकांनाच संपवतायत, मागे उरतं सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी आणि ते त्या थराला काही करत नाही. नुसत्या व्हिनेगरमध्ये फडका भिजवून नळाला गुंडाळा, तासभर विसरा. बारीक बुडबुडे दिसले की समजा कार्बन डायऑक्साइड निघतोय, थर विरघळतोय. बुडबुडे थांबले आणि थर तसाच असेल तर घासत बसू नका, व्हिनेगर बदला.

लिंबूसत्त्व (सायट्रिक अ‍ॅसिड) पण चालतं, फक्त केटलमध्ये टाकून खळाखळा उकळू नका. थर विरघळून बनणारं कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात उलट कमी विरघळतं, म्हणजे एक थर काढायला जाऊन दुसरा बसायचा. कोमट पाणी बास.

आता महागात पडणारी चूक. जुन्या ठाण्यात अजून कितीतरी घरांत कडप्प्याचा ओटा आहे, आणि कडप्पा काय, मार्बल काय, दोन्ही मुळात कॅल्शियम कार्बोनेटच! डाग विरघळवणारं आम्ल दगडालाही सोडत नाही. लिंबू पिळताना पडलेला थेंब तसाच राहिला तरी काळ्या कडप्प्यावर फिकट गोल उमटतो, पॉलिश गेलेलं असतं, ते पुसून परत येत नाही. ग्रॅनाइटला सहसा काही होत नाही. दगड कोणता ते कळत नसेल तर कोपऱ्यात व्हिनेगरचा एक थेंब टाका, बुडबुडे आले तर तिथेच थांबा.

टॉयलेटच्या अ‍ॅसिडमध्ये ब्लीच किंवा ब्लिचिंग पावडर कधीच मिसळू नका, क्लोरीन गॅस सुटतो आणि आपली बाथरूमं केवढीशी असतात. चुकून झालंच तर पुसत बसू नका, आधी बाहेर या.

तुरटी फिरवली की पाणी मऊ होतं, म्हणजे क्षारांमुळे आलेला जडपणा जातो, हा पण गैरसमजच. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, विरघळलेले क्षार पाण्यातच राहतात, उलट थोडं बायकार्बोनेट सल्फेटमध्ये बदलतं आणि ते उकळूनही जात नाही. उकळल्यावर फक्त बायकार्बोनेटवाला जडपणा खाली बसतो (गिझरच्या कॉइलवरची खपली तीच).

आणि ते टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारं. ते पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून अंदाज देतं, मीठ आणि कॅल्शियम यातला फरक त्याला कळत नाही, त्यामुळे आकडा बघून सॉफ्टनर (पाणी मऊ करणारं यंत्र) घेऊ नका. हार्डनेसची, म्हणजे जडपणाची, वेगळी टेस्ट करा. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत ठीक धरलंय, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत. टेस्टला टाकीचं नको, थेट बोअरचं पाणी द्या, टाकीत पालिकेचं मिसळलेलं असतं.