पहिला फ्रॉस्ट आणि परसबाग : या चुका टाळा

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय किंवा टोरांटोच्या आसपास ज्यांची परसबाग आहे, त्यांना ऑक्टोबर म्हटलं की धडकी भरते. दुधीचा वेल मांडवभर पसरलेला असतो, मिरच्या लगडलेल्या असतात, वालपापडीला तर आत्ता कुठे फुलं धरलेली असतात. अशात एका रात्री पारा गोठणबिंदूखाली जातो, फ्रॉस्ट पडतो म्हणजे पानांवर बर्फाचा पातळ थर साचतो आणि सकाळी सगळी पानं शिजवलेल्या पालकासारखी काळी, लिबलिबीत होऊन लोंबतात. यातलं निम्मं नुकसान थंडीमुळे होतं. बाकीचं चुकीच्या वेळी चुकीची धावपळ केल्यामुळे.

सरासरी तारखेवर विसंबणं

मध्य न्यू जर्सीत पहिला फ्रॉस्ट साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून महिनाअखेरपर्यंत पडतो. शिकागोच्या उपनगरांत तो बहुधा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातच येतो, तर डॅलसकडे नोव्हेंबरचा मध्य उजाडतो. पण पिन कोड टाकून मिळणारी ही 'सरासरी तारीख' म्हणजे त्या दिवसापर्यंत फ्रॉस्ट पडण्याची शक्यता ५० टक्के. म्हणजे दोन वर्षांतून एकदा तो त्याआधीच गाठणार. तयारी त्या तारखेच्या तीन-चार आठवडे आधी सुरू करा. नायट्रोजनवालं खत तर ऑगस्टच्या मध्यानंतर बंदच. त्याने जी कोवळी लुसलुशीत फूट येते, ती थंडीत सगळ्यात आधी जाते.

फोनवर ३६ दिसलं म्हणून निर्धास्त झोपणं

पाणी ३२ अंश फॅरनहाइटला गोठतं (इथले सगळे अंश फॅरनहाइटमध्येच), मग ३६ ला भीती कसली? भीती अशी, की हवामान केंद्रातलं तापमान जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर मोजलेलं असतं. आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर जमीन आणि पानं आपली उष्णता सरळ वर आकाशात सोडतात आणि पानाचं तापमान हवेपेक्षा चार-पाच अंशांनी खाली जातं. म्हणूनच अमेरिकेच्या हवामान खात्याची, नॅशनल वेदर सर्व्हिसची, 'फ्रॉस्ट अ‍ॅडव्हायझरी' ३३ ते ३६ अंशांसाठी असते. ३२ किंवा त्याखाली जाणार असेल, तर 'फ्रीझ वॉर्निंग' येते. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री त्याच ३६ अंशांना बहुतेक वेळा काही होत नाही.

शिवाय थंड हवा जड असते. ती उतारावरून खाली येते आणि लाकडी कुंपणाशी साचून राहते. तुमचा वाफा अशा सखल कोपऱ्यात असेल, तर शेजाऱ्याची भेंडी शाबूत आणि तुमची गेलेली, असं सहज घडतं. किमान-कमाल तापमान नोंदवणारा साधा थर्मामीटर वाफ्यात, रोपाच्या उंचीवर लावा. फोनवरचा अंदाज आणि तुमच्या वाफ्यातला आकडा यांतला फरक आठवडाभरात कळतो आणि पुढे तोच फरक धरून चालायचं.

झाडाला चादर गुंडाळून खाली दोरीने बांधणं

सर्रास दिसणारी चूक ही. टोमॅटोवर चादर टाकायची आणि खोडाशी दोरीने आवळायची. झाडाला स्वतःची ऊब नसते. रात्रभर ऊब येते ती दिवसा तापलेल्या मातीतून. खोडाशी बांधलं की ती ऊब बाहेरच राहते आणि पांघरुणाचा उपयोग शून्य. कापड चारी बाजूंनी जमिनीपर्यंत यायला हवं आणि कडांवर विटा किंवा माती टाकून फटी बंद करायला हव्यात.

कापड पानांना टेकू देऊ नका. चार फूट रुंद वाफ्यासाठी अर्ध्या इंची पीव्हीसीचा १० फुटी पाइप वाकवून कमान होते. दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटी सळया जमिनीत अर्ध्या ठोका, पाइपची टोकं त्यांवर बसवा आणि दर तीन-चार फुटांवर एक कमान ठेवा. कापड कमानीपेक्षा दोन्ही बाजूंना फूटभर जास्त घ्या.

कापड कुठलं? 'रो कव्हर' नावाचं न विणलेलं पांढरं कापड सगळ्यात सोयीचं. वर्ग यार्डाला अर्धा औंस वजनाचं कापड साधारण २ ते ४ अंश वाचवतं, दीड औंसाचं ६ अंशांच्या आसपास. जुन्या चादरी किंवा दुहेरी घडीची सुती साडीही एखाद-दोन रात्रींसाठी चालते, फक्त ती पावसात भिजली की जड होऊन फांद्या मोडते. प्लॅस्टिक पानाला टेकलं की नेमकी त्याच जागी पानं जळतात, म्हणून ते कमानीवरच. आणि सकाळी ऊन आल्यावर ते तसंच राहिलं, तर आत भट्टी होते.

झाकायचं सूर्यास्ताआधी, मातीत ऊब असताना. रात्री दहाला विजेरी घेऊन धावलात, तर कोंडायला फारसं काही उरलेलं नसतं. सकाळी तापमान ४० च्या वर गेलं की काढा. माती कोरडी असेल, तर त्या दिवशी दुपारीच वाफ्याला पाणी द्या, कारण ओली माती जास्त उष्णता धरून ठेवते. पाणी मुळाशी द्यायचं. संध्याकाळी पानांवर फवारलं, तर उलट नुकसान होतं. कापडाखाली दिव्यांची माळ सोडायची असेल, तर जुन्या तापणाऱ्या बल्बांची आणि बाहेर वापरायला मंजूर असलेलीच घ्या. एलईडीची ऊब नगण्य असते. निफाडकडे पारा उतरला की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, पण इथे तो प्रयोग नको. शेजारी थेट ९११ लावतील.

एक मर्यादा लक्षात ठेवा. जोराच्या वाऱ्यासोबत थंडी येते आणि पारा २५ पर्यंत उतरतो, तेव्हा चादरींनी काही होत नाही. त्या दिवशी तोडणी करायची.

सगळंच वाचवायला जाणं

मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, कोबी, नवलकोल आणि मोहरी हलका फ्रॉस्ट सहज सोसतात. त्यांच्यावर कापड वाया घालवू नका. गाजर आणि कोबी तर थंडीत पिष्टाची साखर करतात, त्यामुळे जास्त गोड लागतात.

दुधी, दोडका, कारली, काकडी, भेंडी, गवार आणि वांगी यांना एक रात्र पुरते. आठ फुटी मांडव झाकणं कुणालाच जमत नाही. खाण्याजोगं सगळं आदल्या दुपारी तोडा आणि वेलाचा नाद सोडा. लाल भोपळा तोडताना तीन-चार इंच देठ राहू द्या, नाहीतर तो तिथूनच सडायला लागतो. वालपापडीचं दुखणं वेगळंच. आपल्याकडचे बरेच जुने वाण दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत आणि उत्तरेकडे दिवस लहान होईस्तोवर फ्रॉस्ट दाराशी आलेला असतो. याला पांघरूण हा उपाय नाही. पुढच्या वर्षी दिवसाच्या लांबीवर अवलंबून नसलेलं, लवकर येणारं बी शोधा.

कापड ठेवायचं ते मिरचीसाठी आणि टोमॅटोच्या एक-दोन चांगल्या झाडांसाठी. पहिल्या फ्रॉस्टनंतर बरेचदा दोन-तीन आठवडे हवा पुन्हा उबदार होते. त्या एक-दोन रात्री निभावल्या की बराच माल हाती लागतो.

टोमॅटो वेलावरच पिकेल म्हणून थांबणं

फुलापासून पिकलेल्या टोमॅटोपर्यंत सहा ते आठ आठवडे जातात. म्हणजे न्यू जर्सीत सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतरचं फूल बहुतेक वाया जाणार. अपेक्षित फ्रॉस्टच्या महिनाभर आधी शेंडे आणि नवी फुलं खुडून टाका, म्हणजे झाडाची ताकद लागलेल्या फळांकडे वळते.

हिरवा टोमॅटो घरात पिकेल का, हे बघायला त्या आकाराचा एक कापा. आत बियांभोवती गर असेल आणि सुरीखाली बिया न कापता सरकत असतील, तर बाकीचेही पिकतील. बिया कापल्या गेल्या, तर त्या आकाराच्यांची तीळ-दाण्याचं कूट घालून चटणी करा. पिकवायचे ते वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून एका थरात, ६० ते ७० अंशांत ठेवा. खिडकीतल्या उन्हाची गरज नसते. घाई असेल, तर सोबत एक केळं ठेवा. फ्रिजमध्ये टाकले की पिकणं थांबतं आणि चवही जाते. दोन-तीन दिवसांनी बघत राहा आणि नासका काढून टाका. फ्रॉस्टने मेलेल्या वेलावरचे टोमॅटो कॅनिंगसाठी, म्हणजे बरण्यांत हवाबंद साठवायला, अजिबात वापरू नका. त्यांची आम्लता कमी झालेली असू शकते आणि सुरक्षित कॅनिंग त्याच आम्लतेवर अवलंबून असतं.

कढीपत्ता फ्रॉस्टच्या आदल्या रात्री आत आणणं

कढीपत्त्यासाठी ३२ हा आकडाच चुकीचा. रात्रीचं तापमान ५० च्या खाली जायला लागलं की तो आत यायला हवा, म्हणजे न्यू जर्सीत बरेचदा सप्टेंबरअखेरीसच. भर उन्हातून एकदम हीटिंगच्या कोरड्या हवेत आणला की आठवडाभरात पानं झडतात. आधी आठ-दहा दिवस सावलीत ठेवा, मग आत घ्या.

आणण्याआधी पानांची मागची बाजू बघा. शिरांवर तपकिरी खवले आणि पानं चिकट असतील, तर ती खवलेकीड. बारीक जाळी आणि पिवळे ठिपके असतील, तर कोळी नावाची कीड (माइट). पाइपच्या धारेने झाड नीट धुवा, इन्सेक्टिसायडल सोप (झाडांसाठीचा कीडनाशक साबण) फवारा आणि आठवड्याने पुन्हा फवारा. भांडी घासायच्या साबणाने पानं करपू शकतात. ही कीड घरात आली, तर मार्चपर्यंत मुक्काम ठोकते.

आत दक्षिणेची खिडकी उत्तम. हीटिंगच्या झरोक्यावर कुंडी नको आणि पानं गार काचेला टेकलेली नकोत. हिवाळ्यात पानं पिवळी पडून झडणं हा बरेचदा झाडाचा विश्रांतीचा काळ असतो. लोक घाबरून पाणी वाढवतात आणि मुळं कुजतात. घरात आणलेले कढीपत्ते थंडीपेक्षा पाण्यानेच जास्त दगावतात. वरची दोन इंच माती कोरडी झाल्यावरच पाणी द्या. खत मार्चपर्यंत नको, कुंडीही आत्ता बदलू नका. झडणारी पानं आधीच काढून फ्रीजरमध्ये टाका, वास टिकतो. आणि झाड गेलं, तर फ्लोरिडातल्या मावशीकडून रोप आणू, असं ठरवू नका. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, म्हणून लिंबाच्या ग्रीनिंग रोगामुळे तिथून कढीपत्त्याची रोपं बाहेर नेण्यावर क्वारंटाइनचे निर्बंध आहेत.

मिरचीचं आवडतं झाडही असंच ठेवता येतं. सहा-आठ इंचांवर छाटा, मुळांसकट कुंडीत घ्या आणि ५५ ते ६० अंशांच्या उजेडाच्या जागी, अगदी कमी पाण्यावर ठेवा. मावा मात्र दर आठवड्याला बघा. अळूचे कंद पानं काळी पडली की लगेच उकरा, सावलीत वाळवा आणि कोरड्या पीट मॉसमध्ये (कुजलेल्या शेवाळाचा भुसा) ५० अंशांच्या आसपास ठेवा. रताळी त्याआधीच, माती ५५ अंशांच्या खाली जाण्यापूर्वी काढा.

सकाळी लगेच हात लावणं

गोठलेलं पान दाबलं की फुटतं. पालक किंवा कोथिंबीर तोडायची असेल, तर ऊन येऊन पानं मोकळी होईपर्यंत थांबा. मिरचीची फक्त वरची पानं काळी पडली असतील, तर झाड जिवंत आहे. पुढच्या रात्रीही थंडी असेल, तर ती पानं लगेच छाटू नका, खालच्यांना त्यांचा आडोसा होतो. काचेसारखं पारदर्शक, पाणचट झालेलं फळ टिकत नाही, ते टाका.

मेलेले टोमॅटोचे वेल करप्याचे डाग असतील, तर घरच्या कंपोस्टमध्ये घालू नका. घरचा ढीग सहसा तेवढा तापत नाही आणि रोग पुढच्या वर्षी परत येतो. शेंगवर्गातली झाडं उपटण्याऐवजी जमिनीलगत कापा आणि मुळं मातीतच राहू द्या. मोकळ्या वाफ्यात ऑक्टोबरच्या मध्यापासून लसणाच्या पाकळ्या लावता येतात. टोक वर, दोन इंच खोल, सहा इंच अंतर.

बागेचा पाइप नळाला तसाच जोडलेला राहतो, हेही दरवर्षी होतं. त्यात अडकलेलं पाणी गोठून भिंतीतली नळी फुटते आणि ती फुटल्याचं वसंतात तळघर भिजल्यावर कळतं. पाइप काढून रिकामा करा, आतला व्हॉल्व्ह बंद करा आणि बाहेरचा नळ उघडा ठेवून उरलेलं पाणी जाऊ द्या.