कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसाला मंडळीत पुन्हा सामावून कसे घ्यावे

मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली रुग्णालय उभे केले आणि पुढे त्याच गावात कुष्ठरुग्णांसाठी रिचर्डसन रुग्णालयही चालू झाले. सांगली-मिरजेच्या ख्रिस्ती मंडळ्यांना सेवेचा हा वारसा मिळालेला आहे. असे असूनही उपचार पूर्ण करून घरी परतलेल्या माणसाला उपासनेत शेवटच्या बाकावर एकटे बसावे लागत असेल, तर ते काम अर्धेच राहिले आहे, असे मला वाटते.

पाळकांनी आणि पंचांनी आधी स्वतःच्या मनातली भीती घालवावी. बहुतेक लोकांच्या शरीरात या जंतूंविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. शिवाय बहुविध औषधोपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून संसर्ग होण्याची शक्यता लवकरच संपते. सहा किंवा बारा महिन्यांचा हा उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. त्यातील एका औषधाने कातडी काळसर-तांबूस होते, तेव्हा रोग वाढल्याची कुजबुज कोणी करू लागल्यास त्याला हे तिथल्या तिथे समजावून सांगावे.

त्यानंतर घरी भेटीला जावे, मात्र आधी विचारून आणि दोघांनीच. त्या घरचा चहा घ्यावा. ‘आत्ताच घेतला’ असे म्हणून टाळू नये, कारण अशी कारणे त्या घराने पुष्कळ ऐकलेली असतात. तो माणूस आपल्या घरी येईल तेव्हा मात्र एक काळजी घ्यावी. बधिर झालेल्या बोटांना स्टीलच्या पेल्याचा चटका कळत नाही आणि फोड आल्यावरच भाजल्याचे लक्षात येते, म्हणून चहा कानाच्या कपातून द्यावा. तसाच कप सगळ्यांना द्यावा; त्याच्यासाठी वेगळा कप काढला, तर त्याला पुन्हा वेगळे काढल्यासारखेच होईल.

मार्काच्या पहिल्या अध्यायात येशू कुष्ठरोग्याला आधी स्पर्श करतो आणि मग शुद्ध हो म्हणतो. त्यानंतर तो त्याला दोन गोष्टी सांगतो: हे कोणाला सांगू नकोस आणि जाऊन स्वतःला याजकाला दाखव. आपल्या कामाची रीत मला या दोन आज्ञांत दिसते. आजाराचे नाव घेऊन भर उपासनेत प्रार्थनेची विनंती करू नये, मग हेतू कितीही चांगला असो; त्या माणसाने स्वतः परवानगी दिली तरच बोलावे. याजकाने शुद्ध ठरवलेल्या माणसाला लोकांत परत येता येई. तसा आज उपचार पूर्ण झाल्याचा निर्णय डॉक्टरांचा असतो आणि त्याला त्याची जागा परत देणे हे मंडळीचे काम असते. पूर्वी तो वर्गणी गोळा करीत असेल किंवा गायनात पेटी वाजवीत असेल, तर ते काम त्यालाच द्यावे. बोटे वाकल्यामुळे पेटी जमत नसेल, तर शास्त्रवाचन द्यावे. प्रभुभोजनाच्या वेळी त्याला रांगेत सर्वांबरोबर घ्यावे.

पायांना बधिरता असल्यास मऊ रबराच्या खास चपला मिळतात. त्या चर्चच्या दाराबाहेर काढायला लावू नयेत. तापलेल्या फरशीने पाय भाजून जखमा होतात.

कुटुंबात सोडचिठ्ठीची भाषा चालू असेल, तर पाळकांनी हेही सांगावे की ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या घटस्फोट कायद्यातून कुष्ठरोग हे कारण 2019 साली वगळण्यात आले आहे. त्यासाठी पती-पत्नी दोघांनाही एकत्र बसवून बोलावे आणि जोडीदाराची भीती ऐकून घेतल्यावर दोघांना डॉक्टरांकडे सोबत न्यावे.