कारवान कुत्र्याला घेऊन लातूर ते संभाजीनगर

आमचा पवन कारवान जातीचा. लातूर-उदगीरकडं ही जात नवी नाही: शिकारी, लांब पायांची, पोट पाठीला लागलेली. ढाब्यावर उतरलं की कुणीतरी विचारतंच, "ताई, ह्याला खायला घालत नाहीत का वो?" तर असल्या कुत्र्याला गाडीत घालून अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई करत संभाजीनगरला बहिणीकडं कसं जायचं, ते सांगते. तुमचं कुत्रं लॅब्रा असो की गावठी, बरंचसं लागू पडेल.

आधी पट्टा, कारण खरी भीती तिथंच आहे. कारवानचं डोकं जवळजवळ मानेएवढंच बारीक. साधा गळपट्टा घातला आणि तो मागं सरकला, की पट्टा कानांवरून सुळकन निघतो. त्यात ही जात वासापेक्षा नजरेवर पळणारी. रस्त्याकडंला शेळ्या चरत असल्या किंवा तुरीतून ससा निघाला, तर मग हाका मारत बसा. म्हणून छातीवरून जाणारा हार्नेस घ्या, खाली दोन बोटं जातील इतकाच सैल. गाडीत त्याची दोरी मागच्या सीटबेल्टला अडकवायची. गळपट्ट्याला अजिबात नाही; करकचून ब्रेक लागला तर सगळा हिसका मानेला बसतो. पुढच्या सीटवर एअरबॅग असते, तिथं कितीही लाडानं बघितलं तरी बसवायचं नाही. आणि दोरी हातात आल्याशिवाय दार उघडायचं नाही, हे पोरांनाही बजावून ठेवा.

मागच्या सीटवर आम्ही जुनी वाकळ अंथरतो. कारवानच्या अंगावर चरबी नसते, कोपरं टोचतात, मग ते सारखं उठबस करतं. काचांचं लॉक लावून टाका, नाहीतर पायाखाली बटण येतं आणि काच खाली जाते. खिडकीतून डोकं बाहेर काढलेलं कुत्रं फोटोत छान दिसतं, पण उसाच्या ट्रॉलीमागची धूळ आणि खडे डोळ्यांत जातात.

कुत्र्याला कधी गाडीची सवयच नसेल तर आधी आठवडाभर नुसतं उभ्या गाडीत बसवा, मग गावातल्या गावात फिरवा. तरीही उलट्या होत असतील तर जनावरांच्या डॉक्टरला विचारून औषध घ्या. आपल्या घरातली गोळी अर्धी करून देऊ नका. खाणं निघायच्या तीन-चार तास आधी आणि नेहमीपेक्षा कमी. पहाटे निघायचं असेल तर सरळ रात्रीच जेवू घाला.

निघायची वेळ मोसमावर. मे महिन्यात चारलाच गाडी काढायची, म्हणजे ऊन तापायच्या आत पोचतो. हिवाळ्यात मात्र मी उजाडल्याशिवाय निघत नाही. तेव्हा उसाचा हंगाम असतो, आणि मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर असली दोन-दोन ट्रॉल्यांची ट्रॅक्टरं अंधारात अचानक पुढ्यात येतात.

पाणी घरचंच. 2016 च्या दुष्काळात आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. असल्या गावची माणसं आम्ही, पाण्याचा कॅन घेतल्याशिवाय कुठं जात नाही. वाटेतलं बोअरचं जड पाणी पवन नुसतं हुंगून सोडतो. दीड-दोन तासांनी थांबायचं, स्टीलच्या वाटीत थोडं पाणी द्यायचं, दहा मिनिटं चालवायचं. आधी डांबरावर हाताचा मागचा भाग टेकवून बघा. आपल्याला चार-पाच सेकंद धरवत नसेल तर त्याच्या तळव्यांना तरी कसं धरवेल? मातीवर, झाडाखाली उतरवा. मांजरसुंब्याच्या घाटाआधी एकदा थांबलेलं बरं, वळणांत कुत्र्याला मळमळतं.

ढाब्याच्या अगदी दारात गाडी लावू नका. तिथल्या कुत्र्यांचा तो इलाका असतो, ती भुंकत येणारच. रेबीजची लस दिलेली हवी आणि लसीचं कार्ड सोबत हवंच. कोंबडीची शिजवलेली हाडं जागोजागी पडलेली असतात, ती मोडली की सुईसारखी टोकदार होतात. कांदा, मनुके, चॉकलेट चुकूनही नको.

आणि बंद गाडीत कुत्रं एकटं ठेवायचं नाही. "पाच मिनिटांत चहा घेऊन येतो" हे तर नाहीच. उन्हात उभी गाडी दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनी तापते, काच बोटभर उघडी ठेवून काही होत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करतं, आणि हवाच गरम असली की धापाही कामी येत नाहीत. हिरड्या लालभडक, लाळ चिकट, पाय लटपटायला लागले की ऊन लागलंय समजा. सावलीत न्या, पोटावर, जांघेत, पंजांवर साधं पाणी ओतत राहा, वारा घाला, आणि तसंच ओतत-ओतत दवाखाना गाठा. वाटेतल्या तालुक्यांच्या जनावरांच्या दवाखान्यांचे नंबर आधीच फोनमध्ये घालून ठेवा.

पोचल्यावर घरात घेण्याआधी अंगणात फिरवा आणि कानामागं, बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघा. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल लावायचं नाही.

वेरूळ, अजिंठा, देवगिरी किल्ला ही संरक्षित स्मारकं, तिथं कुत्रं आत नेता येत नाही. म्हणून एकानं पवनजवळ खाली सावलीत थांबायचं. आमच्यात हे काम दाजी आपणहून घेतात, पायऱ्या चढायचा त्यांना कंटाळाच आहे. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी.