एमटीबीची क्रँक: कमी पैशांत टिकाऊ कोणती, आणि ती बसेल का

माउंटन बाइकची, म्हणजे एमटीबीची, नवी क्रँक (पायडल ज्या दांड्याला लागतं तो) घ्यायच्या आधी जुनी खरंच गेली आहे का ते बघा. साखळी चेनरिंगवरून, म्हणजे पुढच्या दातेरी चक्रावरून, उतरवा, एक क्रँक घट्ट धरा आणि फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर हलवा. दोन्ही बाजूंच्या क्रँक एकदम हलल्या, तर दोष बॉटम ब्रॅकेटचा, म्हणजे बीबीच्या बेअरिंगचा. एकच हलली, तर ती दोन्ही क्रँक जोडणाऱ्या ॲक्सलवर ढिली झाली आहे. चढावर उभं राहून पायडल मारताना येणारी कटकट मात्र पायडलच्या आट्यांतून किंवा चेनरिंगच्या बोल्टांतूनही येते. ते काढा, पुसा, ग्रीस लावून परत आवळा. पुष्कळदा खर्च तिथेच वाचतो.

स्वस्त एमटीबीवर बहुतेक स्क्वेअर टेपर क्रँक असते: ॲक्सलचं टोक चौकोनी आणि किंचित निमुळतं, त्यावर ॲल्युमिनियमची क्रँक दाबून बसवलेली. हिला नावं ठेवायची फॅशन आहे, पण नीट आवळली तर ती वर्षानुवर्षं चालते. बोल्टला ३५ ते ५० न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे २० सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण १८ ते २५ किलोंचा जोर. खिशातल्या घडीच्या ॲलन-कीने तो येत नाही, आणि खरी गडबड इथेच होते. ढिल्या क्रँकवर दोन-चार राइड झाल्या की स्टीलचा ॲक्सल मऊ ॲल्युमिनियमचं चौकोनी भोक खातो, कडा गोल होतात. मग कितीही आवळा, पुढच्या चढाला परत ढिली. पत्र्याची पाचर घालून देणारे मिस्त्री भेटतात, त्यात पैसे घालू नका. गेलेली क्रँक डावी असेल तर ती सुटी मिळते. लांबी जुळवून तेवढीच बदला.

पूर्ण सेटच घ्यायचा असेल, तर आधी चेनरिंग कशी लावली आहे ते पाहा. रिव्हेट मारलेली असेल तर सोडून द्या. एका रिंगचे दात गेले की अख्खा सेट भंगारात. बोल्टने लावलेली रिंग आणि फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेल्या, ॲल्युमिनियमच्या क्रँक, एवढं मिळालं की कमी पैशांतलं टिकाऊ काम झालं. जरा जास्त पैसे टाकता येत असतील, तर २४ मिमीच्या पोकळ स्टील ॲक्सलची टू-पीस क्रँक घ्या, जिच्यात ॲक्सल उजव्या क्रँकलाच जोडलेला असतो. शिमानोच्या डिओर आणि तिच्या आसपासच्या श्रेणीत ती मिळते. बेअरिंग फ्रेमच्या बाहेर असल्यामुळे बीबी बदलणं सोपं जातं. कार्बनच्या वाटेला जाऊ नका. सह्याद्रीतल्या वाटांवर क्रँकला दगड लागतोच, आणि कार्बनला आतून काय झालं ते बाहेरून कळत नाही.

क्रँक बसेल की नाही, हे फ्रेमचं बीबी शेल, म्हणजे बीबी बसते ती आडवी नळी, ठरवतं. आत आटे दिसले तर बहुधा बीएसए, म्हणजे आट्यांच्या बीबीचं प्रचलित माप. त्याची रुंदी मोजा, ६८ किंवा ७३ मिमी भरेल. आटे नसतील तर प्रेस-फिट, म्हणजे दाबून बसवायची बीबी. त्यात आतला व्यास मोजल्याशिवाय काही मागवू नका: ४१ मिमीला एक बीबी, ४६ ला दुसरी. ॲक्सलही सगळे सारखे नसतात. शिमानोचा दोन्हीकडे २४ मिमी, स्रॅम कंपनीच्या जीएक्सपी प्रकाराचा डावीकडे २२, तिच्याच डब प्रकाराचा २८.९९. तिन्हींच्या बीबी वेगळ्या, म्हणून सेकंडहँड क्रँक घेताना बीबीचा खर्च धरूनच भाव करा.

मागचा हब बूस्ट, म्हणजे १४८ मिमीचा असेल तर चेनलाइन, म्हणजे फ्रेमच्या मध्यापासून चेनरिंगपर्यंतचं अंतर, साधारण ५२ मिमी हवी. जुन्या १३५ किंवा १४२ मिमीच्या हबला ४९-५० पुरते. चार बोल्टांच्या रिंगचं माप विचारायची गरज नाही. शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांमधलं अंतर ७३.५ मिमी आलं की ती १०४ बीसीडी, म्हणजे बोल्टांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास १०४ मिमी. हे माप सर्रास मिळतं, म्हणून मी तेच घ्यायला सांगेन. तीन रिंगा काढून एकच लावायची असेल तर हिशोब असा: जुनी २२ दातांची रिंग आणि ३४ ची कॅसेट (मागच्या चक्रांतलं सर्वात मोठं ३४ दातांचं) म्हणजे ०.६५, ३० ची रिंग आणि ४६ ची कॅसेटही ०.६५ च देते. चढ तसाच राहतो, डांबरी रस्त्यावरचा वेग मात्र जातो.

लांबी १७० मिमी घ्या. १७५ ची क्रँक दगडावर जास्त आपटते, आणि बुटक्या माणसाच्या गुडघ्याला तिचा काही फायदा नाही.

सेकंडहँड क्रँक रॉकेलने पुसून उजेडात धरा. पायडलच्या भोकाभोवती आणि चौकोनी भोकाच्या कोपऱ्यांशी केसासारखी काळी रेघ दिसली आणि पुसूनही गेली नाही, तर ती चीर समजा. ॲल्युमिनियमची चीर थांबत नाही, वाढते. पायडलचे आटे पायडल हाताने फिरवून तपासा. सुरुवातीलाच अडलं तर मागे या, पाना लावू नका. डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, हे माहीत असूनही लोक तेच आटे मारतात.

बसवताना बीएसए शेलच्या आट्यांना ग्रीस लावा. बीबीच्या उजव्या कपचे (शेलमध्ये जाणाऱ्या वाटीचे) आटेही उलटे असतात. सोडवताना घड्याळाच्या दिशेने फिरवा. शिमानोच्या टू-पीस एमटीबी क्रँकच्या बीबीला ७३ च्या शेलवर उजवीकडे एक २.५ मिमी वॉशर, ६८ ला उजवीकडे दोन आणि डावीकडे एक. टू-पीसची डावी क्रँक घातली की तिच्यावरची प्लास्टिकची टोपी फक्त बोटांच्या जोराने आवळा, कारण तिचं काम खेळ काढणं एवढंच. ती करकचून बसवली की बेअरिंग लवकर मरतं. मग क्रँकवरचे दोन बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे, १२ ते १४ न्यूटन-मीटरपर्यंत न्या. एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं केलं तर पकड एकसारखी बसत नाही.

साधारण ५० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा. पावसाळ्यात चिखल धुताना प्रेशर पंपाचा झोत बीबीवर मारू नका. पाणी सीलच्या आत जातं, ग्रीस बाहेर येतं, आणि दिवाळीपर्यंत क्रँक घरघर वाजायला लागते.